सावलीतल्या बागेसाठी नेचे आणि बहुवर्षायू झाडं कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या झाडांच्या बुंध्याशी काही जगत नाही, ही तक्रार करणारे बहुतेक जण उजेडाबद्दल बोलतात. अशा जागांमध्ये बरीच वर्षं हात घातल्यावर माझं मत वेगळं झालंय. सावलीत रोपं उजेडाअभावी कमी आणि तहानेनं जास्त मरतात. खालच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, कारण कुठला नेचा (फर्न) लावायचा आणि त्याच्या सोबतीला काय, हे तिथला ओलावाच ठरवतो.

सावली आहे हे डोळ्यांना दिसतंय. ती मोजायची कशाला?

कारण ‘सावली’ या एका शब्दात चार निरनिराळ्या जागा दडलेल्या असतात. उंच झाडांच्या विरळ पानांमधून दिवसभर कवडसे पडतात, ती जागा नेच्यांना सगळ्यात जास्त मानवते. भिंतीच्या आडोशाची सावली वेगळी. तिथे थेट ऊन येत नाही, पण डोक्यावर आकाश मोकळं असल्यामुळे उजेड चांगला असतो. दाट सदाहरित झाडांखाली बारा महिने अंधारलेलं असतं. आणि पानझडी झाडांखालची सावली ऋतूबरोबर बदलते. पानगळ झाल्यापासून नवी पालवी भरेपर्यंत तिथे चक्क ऊन असतं, आणि वनातली कितीतरी फुलं नेमक्या त्याच दिवसांत आपलं वर्ष उरकून घेतात.

मोजायची पद्धत सोपी आहे. बागेचा कच्चा नकाशा काढा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी ऊन कुठवर आलंय त्याची रेघ ओढा. थेट ऊन तीन तासांहून कमी असेल तर ती पूर्ण सावली, तीन ते सहा तास असेल तर अर्धसावली. ऊन सकाळचं की दुपारचं, हेही लिहून ठेवा. सकाळचं दोन तासांचं कोवळं ऊन बहुतेक नेचे आनंदानं घेतात. दुपारचं तेवढंच ऊन त्यांच्या पानांच्या कडा करपवतं. झाडांना पालवी असताना एकदा आणि नसताना एकदा, अशी ही मोजणी दोनदा केली तरच ती उपयोगाची.

‘कोरडी सावली’ म्हणजे काय? सावलीत तर ओल टिकते ना?

टिकते, पण आधी ती तिथवर पोचायला हवी. झाडाचा घेर म्हणजे उघडलेली छत्रीच. हलक्या सरी पानांवरच अडतात आणि तिथूनच वाळून जातात. जे पाणी खाली उतरतं त्यावर झाडाच्या तंतुमुळांचा पहिला हक्क. ही मुळं बहुतांशी मातीच्या वरच्या वीतभर थरातच पसरलेली असतात. तुम्ही लावलेल्या रोपाची मुळंही त्याच थरात असतात. मोठं झाड आणि वीतभर रोप यांच्या ओढाताणीत कोण जिंकणार, हे उघड आहे. छपराच्या पागोळ्यांच्या आतली, भिंतीला लागून असलेली पट्टीही अशीच कोरडी राहते.

म्हणून चांगला पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन झाडाखाली जा. वीतभर खणा आणि मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि बोटानं टिचकी मारताच फुटला, तर माती वाफशावर, म्हणजे लागवडीजोगी ओलसर, आहे. मुठीतून धुळीसारखी निसटली, तर भर पावसातही तुमची सावली कोरडी आहे. गोळा चिकट राहिला आणि बोटं माखली, तर ओली सावली. शंका असेल तर हातभर खोल खड्डा पाण्यानं भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी साचलेलं दिसलं, तर निचरा वाईट आहे आणि निवड त्या हिशेबानं करावी लागेल.

रोपवाटिकेत जाण्याआधी एवढं केलंत तरी अर्धी चुकीची खरेदी टळेल.

कोणत्या झाडाखाली लावणं सोपं आणि कोणत्या झाडाखाली अवघड?

ओकसारख्या झाडांखाली काम सोपं. त्यांची मोठी मुळं तुलनेनं खोल असतात आणि विरळ फांद्यांतून उजेड झिरपतो. मेपल आणि बीच यांची मुळं वरवर जाळं विणतात, सावलीही दाट असते. तिथे खड्डा घ्यायलाच जागा सापडत नाही. दाट सूचिपर्णी झाडांखाली बारा महिने कोरडं आणि अंधारं असतं. तिथे बुंध्याच्या अगदी जवळ काही लावण्याचा हट्ट मी धरत नाही. घेराच्या कडेपासून सुरुवात करून आत जिथवर रोपं तग धरतील तिथवरच जावं. काळ्या अक्रोडाच्या मुळांतून आणि पाल्यातून जुग्लोन नावाचं द्रव्य मातीत उतरतं आणि काही वनस्पतींना ते सोसत नाही. त्याच्याखाली एकदम भारंभार रोपं न लावता दोन-चार लावून बघावीत.

खालच्या एक-दोन फांद्या छाटून घेर उचलला तर बराच फरक पडतो. कवडसेही येतात आणि पाऊसही येतो.

नेच्यांना फुलं येत नाहीत. मग बागेत त्यांचं काम काय?

सावलीतल्या बागेचा सांगाडा नेचे उभा करतात. इथल्या बहुतेक फुलांचा बहर जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो. बाकीचं वर्ष डोळ्यांना पानंच दिसतात, आणि पानांची कलाकुसर नेच्यांइतकी कुणाकडे नाही. वसंतात त्यांचे कोंब गोगलगाईच्या शंखासारखे गुंडाळलेले वर येतात आणि दिवसागणिक उलगडत जातात. एवढ्या दोन आठवड्यांसाठीसुद्धा मी नेचे लावले असते.

शिवाय या वनस्पती सावलीत मुरलेल्या आहेत. नेच्यांचे जीवाश्म सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीपासूनचे सापडतात. त्या काळी पृथ्वीवर एकही फूल उमललेलं नव्हतं. आज जगात नेच्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत. ऊन मागणाऱ्या झाडाची सावलीत कशीबशी समजूत काढावी लागते. बहुतेक नेच्यांना सावली हेच घर असतं.

पहिल्यांदाच लावतोय. कोणत्या नेच्यांपासून सुरुवात करू?

थंड किंवा समशीतोष्ण हवामान असेल तर ड्रायॉप्टेरिस आणि पॉलिस्टिकम या दोन कुळींपासून. कणखर आहेत, चुका पोटात घालतात आणि एका जागी ठोंब करून राहतात.

ड्रायॉप्टेरिस फिलिक्स-मास म्हणजे ‘नर नेचा’. कमरेएवढा वाढतो, चिकणमातीपासून कोरड्या कोपऱ्यापर्यंत कुठेही जुळवून घेतो. त्याच्या जोडीला ‘मादी नेचा’ म्हणून ओळखला जातो तो अथायरियम फिलिक्स-फेमिना. हा नाजूक, जाळीदार आणि ओलाव्याचा भुकेला. ही नावं जुन्या वनस्पतीअभ्यासकांनी रूपावरून दिली, राकट तो नर आणि नाजूक ती मादी. प्रत्यक्षात या दोन सर्वस्वी वेगळ्या जाती आहेत, एकाच जातीतले नर-मादी नव्हेत. पण निवड करताना ही नावं कामी येतात: कोरडं असेल तर ‘नर’, ओल असेल तर ‘मादी’.

रंग हवा असेल तर ड्रायॉप्टेरिस एरिथ्रोसोरा घ्या. त्याची कोवळी पानं तांब्याच्या रंगाची येतात आणि मग हळूहळू हिरवी होतात. पानामागच्या बीजाणूंच्या (नेच्यांत बियांचं काम करणाऱ्या धुळीसारख्या कणांच्या) पुंजक्यांवरचं आवरणही लालसर असतं, नाव त्यावरूनच पडलं. चंदेरी पानांवर जांभळट शिरा असलेला जपानी नेचा, अथायरियम निपोनिकमचा पिक्टम हा प्रकार, तर गडद कोपऱ्यात दिवा लावावा तसा उठून दिसतो. मात्र त्याची चांदी अगदी काळोखात फिकी पडते आणि कडक उन्हात करपते, म्हणून त्याला सकाळच्या कवडशांची जागा राखून ठेवा.

हिवाळ्यातही हिरवं काही हवं असेल तर पॉलिस्टिकम अक्रॉस्टिकॉइडिस. हा उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वनांतला सदाहरित नेचा आहे आणि उतारावर माती धरून ठेवायला उत्तम.

खूपच कोरडी सावली आहे. तिथे काहीतरी जगेल का?

जगेल, यादी मात्र आखूड होते. नेच्यांपैकी नर नेचा, पॉलिस्टिकम सेटिफेरम आणि पॉलिपोडियम वल्गेरी. पॉलिपोडियम तर दगडी भिंतींच्या भेगांत आणि झाडांच्या फांद्यांवर मऊ शेवाळ धरून वाढतो, त्याला खोल मातीची गरजच नसते.

बहुवर्षायूंपैकी माझा पहिला हात एपिमेडियमकडे जातो. हृदयाच्या आकाराची पानं, वसंतात तारेसारख्या दांड्यांवर झुलणारी चिमुकली फुलं आणि झाडांच्या मुळांच्या गर्दीत चिवटपणे पुढे सरकणारी खोडं. वाढ सावकाश असते, पण एकदा बसलं की तणाला जागा देत नाही. जिरॅनियम मॅक्रोरायझम पानं चुरगाळताच दरवळतं आणि कोरड्यात छान पसरतं. सायक्लॅमेन हेडेरिफोलियमनं तर वेळापत्रकच उलटं करून घेतलंय. शरद ऋतूत आधी फुलं, मग हिवाळाभर नक्षीदार पानं आणि उन्हाळ्यात जमिनीखाली झोप. झाडं सगळं पाणी ओढून घेत असतात त्या दिवसांत ते जागं नसतंच.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ‘कोरडं सोसणारं’ रोपसुद्धा पहिली दोन वर्षं सोसणारं नसतं. मुळं पसरेपर्यंत त्याला पाणी द्यावंच लागतं. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा खोलवर मुरेल असं द्या.

आमच्याकडे उलट आहे, माती कायम ओली असते.

मग तुम्ही भाग्यवान आहात. शाही नेचा, म्हणजे ऑस्मुंडा रेगॅलिस, ओढ्याकाठी पुरुषभर उंच होतो. त्याला आम्लधर्मी माती लागते आणि मुळाशी सतत ओल. शहामृगाच्या पिसांसारख्या पानांचा मॅट्युशिया स्ट्रुथिऑप्टेरिस फुलदाणीच्या आकारात उभा राहतो. हा नेचा एकदा मी एका तहानलेल्या झाडाच्या घेरात लावला होता आणि उन्हाळा अर्धा होण्याआधीच त्याची सगळी पानं तपकिरी झाली. तेच ठोंब ओलसर खोलगट जागी हलवल्यावर तीन वर्षांत त्याचे नवे गड्डे चारी बाजूंना वर आले. रोप तेच होतं, सावलीही जवळपास तेवढीच. फरक फक्त पाण्याचा होता. तेव्हापासून मी आधी माती बघते.

सोबतीला अस्टिल्बी लावा. तिचे पिसासारखे तुरे ओल्या सावलीत खुलतात आणि माती वाळली की पानं कुरकुरीत होतात. पाणी नुसतं साचून राहत असेल तर मात्र वाफा उंच करा. ओल मागणाऱ्या बहुतेक वनस्पतींनाही कुजकं, हवा नसलेलं पाणी चालत नाही.

माती चुनखडीची आहे. नेचे येतील?

बहुतेक नेच्यांना किंचित आम्लधर्मी माती आवडते, सामू (पीएच) ५.५ ते ६.५ च्या आसपास. पण काहींना चुनाच लागतो. अस्प्लेनियम स्कोलोपेंड्रियम हा अखंड, जिभेसारख्या लांब पानांचा नेचा चुनखडीत खुशाल वाढतो. झालरदार नेच्यांच्या घोळक्यात त्याचं सपाट चकाकतं पान फार देखणं दिसतं. अडियान्टम कॅपिलस-व्हेनेरिस या हंसराजालाही पाझरणारी चुनखडी प्रिय आहे. माती बदलण्याचा खटाटोप करण्यापेक्षा मातीला मानवणारं रोप निवडणं शहाणपणाचं.

हंसराज प्रत्येक वेळी का मरतो?

एकदा पूर्ण वाळला म्हणून, बहुतेक वेळा उत्तर एवढंच असतं. त्याची पानं कागदाहून पातळ, त्यांत पाण्याचा साठा जवळजवळ नाहीच. दोन दिवस माती कोरडी राहिली किंवा गरम कोरडा वारा लागला की ती चुरगळतात. वाळलेली पानं तळापासून कापून माती ओलसर ठेवली तर जमिनीलगतच्या खोडातून पुन्हा फूट येऊ शकते, म्हणून लगेच उपटून टाकू नका.

नेच्यांना दमट हवा किती लागते, हे लंडनच्या नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड या डॉक्टरांना योगायोगानं कळलं. शहराच्या धुरकट हवेत त्यांचे नेचे जगत नव्हते. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीसह एका बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीतून एक नेचा उगवला आणि कुणी पाणी न घालता काही वर्षं जगला. त्यातूनच वनस्पती सांभाळण्याच्या काचेच्या बंद पेट्या आल्या. बागेत काच लावायची नसते, पण धडा तोच आहे. हंसराज वाऱ्याच्या वाटेवर लावू नका. दगडाच्या आडोशाला, पाण्याजवळ किंवा मोठ्या नेच्यांच्या पोटाशी लावा. कडक थंडीचा प्रदेश असेल तर हिमालयातला अडियान्टम व्हेनुस्टम घ्या. रुजायला वेळ घेतो, पण तेवढ्या थंडीला तो सरावलेला आहे.

नेच्यांच्या सोबतीला बहुवर्षायू कशी निवडायची?

पानं बघून. रोपवाटिकेत फुललेली कुंडी पाहून हात पुढे जातो, माझाही जातो. पण ते रोप नेच्याशेजारी उरलेले पन्नास आठवडे कसं दिसेल, हे आधी डोळ्यांसमोर आणा. नेच्याचं पान झिरमिरीत, बारीक. त्याच्याशेजारी दुसरं बारीक पान आलं की दोन्ही एकमेकांत हरवतात आणि दुरून नुसतं हिरवं धुकं दिसतं. शेजारी रुंद, सपाट, शांत पान हवं.

हे काम होस्टा सगळ्यात चांगलं करतो. जपान, कोरिया आणि चीनकडची ही झाडं. निळसर, पोपटी, पांढऱ्या कडेची अशी असंख्य वाणं मिळतात. निळसर पानांना गडद सावली चालते, पिवळसर पानांना थोडा जास्त उजेड लागतो. पण होस्टा कोरड्यात रखडतो आणि हिवाळ्यात पूर्ण नाहीसा होतो, म्हणून सगळी जागा त्याला देऊ नका. ब्रुनेरा मॅक्रोफिलाची ‘जॅक फ्रॉस्ट’ ही चंदेरी पानांची जात मला होस्टापेक्षाही जवळची. वसंतात तिच्यावर निळ्या फुलांचा नाजूक शिडकावा होतो आणि पानं हिमाचा थर बसल्यासारखी उजळतात. पल्मोनेरियाची ठिपकेदार पानंही तशीच उजेड पाडणारी.

उभ्या रेषेसाठी पॉलिगोनाटम. कमानीसारखे वाकलेले दांडे आणि त्यांच्याखाली ओळीनं लोंबणारी पांढरट घंटाफुलं. नेच्यांच्या गर्दीतून हे दांडे डोकं वर काढतात तेव्हा वाफ्याला एकदम खोली येते. जमीन झाकायला टियारेला, ह्यूकेरा, असारम. गवतासारखा प्रवाह हवा असेल तर हाकोनेक्लोआ, उताराच्या कडेवरून पाणी ओघळावं तसं ते ओघळतं.

रोपं एकेक करून विखरू नका. एका जातीची तीन किंवा पाच एकत्र लावा. वनात वनस्पती अशाच पुंजक्यांनी वाढतात आणि सुट्या रोपांची बाग नमुन्यांच्या मांडणीसारखी दिसते.

मला फुलं हवीतच. वर्षभर काही ना काही फुलेल असं करता येईल?

वर्षभर नाही, पण हिवाळ्याच्या शेवटापासून वसंताच्या अखेरीपर्यंत भरगच्च करता येईल. सुरुवात हेलेबोरसपासून. बाकी सगळं झोपलेलं असताना तो माना खाली घालून फुलतो. फुलं येण्याआधी त्याची जुनी, डागाळलेली पानं तळापासून कापून टाका. फुलं दिसू लागतात आणि पानांवरच्या काळ्या डागांचा रोगही कमी पसरतो. त्याच सुमारास स्नोड्रॉप, मग अनिमोनी नेमोरोसा आणि ट्रिलियम. झाडांना पालवी फुटण्याआधीच्या उन्हात फुलायचं आणि उन्हाळ्यात गुडूप व्हायचं, ही यातल्या बऱ्याच जणांची रीत. गुडूप झाल्यावर उरणारी मोकळी जागा उलगडणारे नेचे झाकतात. ही जोडी निसर्गात जुळलेलीच आहे, आपण फक्त ती जवळजवळ लावायची.

उन्हाळ्यात अस्टिल्बी आणि होस्टाचे दांडे, शरदात अक्टियाचे उंच पांढरे तुरे आणि जपानी अनिमोनी.

या वनफुलांपैकी हेलेबोरस, स्नोड्रॉप, सायक्लॅमेन आणि ट्रिलियम यांच्या बियांना मुंग्यांना आवडणारा एक स्निग्ध तुकडा चिकटलेला असतो. त्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात, तुकडा खातात आणि बी टाकून देतात. वाफ्यात लावलेलं रोप चार हात लांब उगवलेलं दिसलं तर तो मुंग्यांचा प्रताप. अशा वाफ्यात मुंग्यांची पावडर टाकू नका.

आमच्याकडे हिवाळाच नसतो. ही यादी आमच्या काय कामाची?

झाडांची नावं बदलतील, विचार तोच राहील. उष्ण, दमट हवामानात हेलेबोरस आणि होस्टा यांच्यामागे लागू नका, त्यांना थंडीची विश्रांती लागते. त्यांच्याऐवजी अस्प्लेनियम नायडस घ्या. मोठ्या घरट्यासारखा पसरणारा हा नेचा निसर्गात झाडांच्या फांद्यांवर वाढतो, त्यामुळे त्याला भुसभुशीत, झटकन निचरा होणारं माध्यम लागतं. टेरिस आणि नेफ्रोलेपिसही तिथे चांगले येतात, फक्त नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया ही जात टाळा, कारण पुढे येईल.

सोबतीला सोनटक्का. ओलसर अर्धसावलीत त्याच्या पांढऱ्या फुलांचा वास संध्याकाळी सगळी बाग भरून टाकतो. तो मूळचा नाही अशा काही प्रदेशांत ओढ्याकाठी बेसुमार पसरलाय, त्यामुळे आधी आपल्या भागात चौकशी करा. रानहळदीच्या जातींची रुंद पानं तिथे होस्टाचं काम करतात. बेगोनिया, कॅलेडियम, ओफिओपोगॉन हीही चांगली. आणि जिथे काहीच येत नाही अशा अंधाऱ्या कोरड्या कोपऱ्यात ॲस्पिडिस्ट्रा.

मुळांच्या जाळ्यात लावायचं कसं? आणि कधी?

सगळी जागा खणून काढायची नाही. झाडाची मुळं तुटतात आणि झाडच आजारी पडतं. बोटांनी चाचपून मुळांमधले खळगे शोधा, तेवढ्यातच लहान रोप बसवा. मोठ्या कुंडीतलं रोप घेण्याचा मोह टाळा, कारण त्यासाठी मोठा खड्डा लागतो. लहान रोप फटीत बसतं आणि आपली वाट काढतं. मुळांवर वीतभर नवी माती ओतून वाफा करण्याची कल्पना तर साफ सोडा. त्यानं झाडाच्या मुळांची हवा कोंडते. दोन-तीन सेंटिमीटर पानकूज पुरे.

नेच्याचा माथा, म्हणजे कोंब जिथून फुटतात तो भाग, मातीच्या वर राहिला पाहिजे. गाडला की कुजतो. जमिनीलगत सरपटणाऱ्या खोडांचे नेचे तर नुसते टेकवून वर पाला पसरायचा. मोठ्या नेच्यांत दोन-अडीच फूट अंतर ठेवा, बुटक्यांत फूटभर.

वेळ कोणती? कडक उन्हाळा तोंडावर नसेल अशी. थंड प्रदेशात शरदाची सुरुवात किंवा वसंत, पावसाळी प्रदेशात पहिले चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजल्यावर.

गळलेला पाला उचलायचा का?

नाही. वनातली माती या पाल्यानंच घडते आणि सावलीतल्या बागेला मिळणारी ती सगळ्यात मोठी देणगी आहे. ओल धरून ठेवते, गांडुळं वाढवते, तण दाबते. चामड्यासारखी जाड पानं एकमेकांवर चिकटून बुटक्या रोपांचा श्वास कोंडत असतील तर तेवढीच बाजूला करा, चुरा करून परत टाका. जास्तीचा पाला एका कोपऱ्यात जाळीच्या पिंपात ओला करून ठेवला तर वर्ष-दोन वर्षांत काळी, मऊ, मातकट वासाची पानकूज तयार होते.

खत कोणतं घालू?

पानकूज किंवा चांगलं कुजलेलं कंपोस्ट, वर्षातून एकदा, पातळ थर. रासायनिक खताचा जोरदार डोस नेच्यांच्या मुळांना पोळतो.

होस्टाच्या पानांची चाळण झालीय.

गोगलगाई, विशेषतः बिनशंखाच्या. रात्री टॉर्च घेऊन वेचणं हा अजूनही सगळ्यात खात्रीचा उपाय. जाड, निळसर पानांची वाणं त्यांना कमी आवडतात. औषधाचे दाणे वापरायचेच असतील तर आयर्न फॉस्फेटचे घ्या. मेटाल्डिहाइडचे दाणे कुत्र्यामांजरांना विषारी असतात. नेचे, एपिमेडियम आणि हेलेबोरस यांच्याकडे गोगलगाई फारशा फिरकत नाहीत. हरणांचा उपद्रव असेल तरीही हीच निवड करा, होस्टा हरणांना फारच प्रिय.

नेच्याच्या पानामागे ओळीनं तपकिरी ठिपके आलेत. औषध मारू?

मारू नका. तो रोग नाही, ते बीजाणूंचे पुंजके आहेत. रांगा नीटस, सारख्या अंतरावर आणि पानाच्या खालच्या बाजूलाच असतील तर नेचा निरोगी आहे. वेडेवाकडे, चिकट, नखानं निघणारे उंचवटे असतील तर मात्र खवले कीड असू शकते.

या बीजाणूंपासून नवे नेचे करता येतात?

येतात, आणि ज्याला थोडा धीर आहे त्यानं एकदा तरी करावंच. पुंजके गडद होऊन फुटायच्या बेताला आले की पान कापून पांढऱ्या कागदावर पालथं ठेवा. एक-दोन दिवसांत कागदावर तपकिरी धूळ पडते. कुंडीतल्या बारीक मातीवर उकळतं पाणी ओतून ती निर्जंतुक करा, नाहीतर शेवाळच आधी उगवेल. माती थंड झाल्यावर ती धूळ चिमटीनं विरळ भुरभुरवा, वरून काच किंवा पारदर्शक पिशवी लावा आणि उजेडात, पण उन्हात नाही, अशी ठेवा.

काही आठवड्यांत मातीवर हिरवा मुलामा चढतो. जवळून पाहिलं तर त्यात नखाहून लहान, हृदयाच्या आकाराचे चपटे तुकडे दिसतात. ही नेच्याची दुसरी पिढी. स्त्री आणि पुरुष पेशी या तुकड्यांवर तयार होतात, आणि पुरुष पेशीला पोहत जायला पाण्याचा पातळ थर लागतो. म्हणून या टप्प्यावर उकळून गार केलेलं पाणी अलगद फवारायचं. पाण्याशिवाय मीलन नाही, मीलनाशिवाय नेचा नाही. ही पिढ्यांची अदलाबदल विल्हेल्म होफमाइस्टर या जर्मन अभ्यासकानं १८५१ मध्ये उलगडून दाखवली. त्यानंतर जे पहिलं खरं पान उगवतं ते इवलंसं, साधंसं असतं. बागेत लावण्याजोगं रोप व्हायला साधारण दोन वर्षं धरा.

इतका धीर नसेल तर जुनं ठोंब वसंताच्या सुरुवातीला खणून, प्रत्येक भागाला माथा आणि मुळं येतील असं फोडा. पॉलिस्टिकम सेटिफेरमच्या काही वाणांच्या पानशिरेवर तर आयती बाळरोपं येतात. ते पान मातीवर टेकवून तारेनं दाबलं की ती रुजतात.

रानातून नेचे उपटून आणले तर?

कृपा करून आणू नका. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नेच्यांचं एवढं वेड पसरलं होतं की त्यासाठी ‘टेरिडोमेनिया’ हा खास शब्द निघाला. पारदर्शक पानांचा किलार्नी नेचा तेव्हा हौशी संग्राहकांनी इतका ओरबाडला की कित्येक ठिकाणांहून तो दिसेनासा झाला. ट्रिलियमचं उदाहरण आणखी बोलकं आहे. बियांपासून फूल यायला त्याला सहा-सात वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात, आणि वनातून उपटलेलं रोप बहुधा जगतही नाही. विकत घेताना ‘हे रोपवाटिकेतच वाढवलेलं आहे का?’ असं स्पष्ट विचारा. उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका.

कोणती झाडं लावल्याचा पुढे पश्चात्ताप होतो?

ब्रॅकन, म्हणजे टेरिडियम, बागेत आणूच नये. जमिनीखालून दूरवर धावतो आणि त्यात कर्करोगकारक टॅक्विलोसाइड असतं. नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया उष्ण प्रदेशांत धावत्या दोरांनी आणि गाठींनी सगळं व्यापतो. लिली ऑफ द व्हॅलीचा सुगंध अवर्णनीय, पण एकदा बसली की शेजाऱ्यांना हुसकावते, म्हणून तिला वेगळा बंदिस्त कोपरा द्या. शहामृगी नेचाही लहान बागेत डोईजड होतो.

लहान मुलं आणि पाळीव प्राणी आहेत. काय टाळू?

लिली ऑफ द व्हॅली, अकोनिटम, डिजिटॅलिस आणि हेलेबोरस ही विषारी आहेत, पहिली तीन तर गंभीर. होस्टा खाल्ल्यानं कुत्र्यामांजरांना उलट्या होतात. मुलं ज्या वाटेवर खेळतात तिच्या कडेला एपिमेडियम, ह्यूकेरा अशी झाडं ठेवा आणि काहीही तोंडात घालायचं नाही ही सवय त्यांना लावा.

वसंत आला, बाकी सगळं फुटलं, पण माझा नेचा उगवलाच नाही. मेला का?

इतक्यात ठरवू नका. होस्टा आणि जपानी नेचा दोघंही उशिरा जागे होतात. शेजारच्या झाडांची पालवी भरली तरी त्यांची जागा रिकामी दिसू शकते. या दिवसांत लोक ‘मेलं वाटतं’ म्हणून खुरपं घालतात आणि माथ्यावरचे कोंबच तोडतात. पाला बोटांनी हळूच बाजूला करा. माथा घट्ट लागला आणि त्यावर तपकिरी खवल्यांत गुंडाळलेल्या गाठी दिसल्या, तर तो जिवंत आहे. पाला परत पांघरा आणि माती कोरडी असेल तर तांब्याभर पाणी घाला. माथा मऊ, पोकळ आणि कुजका लागला तरच नवं रोप आणा. पुढच्या खेपेला पानं गळायच्या आधीच प्रत्येक ठोंबाशेजारी एक काडी रोवून ठेवा, म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या जागेत कोण झोपलंय ते कळेल.